गाडी नानांच्या नावावर

लग्नाच्या पंगतीत बट्टी वाढणाऱ्याचा हात धरून त्याला गाडीच्या विम्याबद्दल विचारणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे नाना, माझ्या मोठ्या आत्याचे यजमान. धुळ्याला राहायचे, विम्याची एजन्सी चालवायचे आणि बोलायचे अस्सल अहिराणी. "गाडीना इमा कव्हय सरस?" गाडीचा विमा कधी संपतो, हाच त्यांचा रामराम. आम्ही जळगावची भावंडं त्यांना पाठीमागे हप्तेनाना म्हणायचो. मी कॉलेजात असताना ते एकदा समोरून येताना दिसले, तेव्हा मी मैत्रिणींना घेऊन घाईघाईने रसवंतीत शिरले. मागोमाग नानाही आत आले. मला भेटायला नव्हे, रसवाल्याच्या टेम्पोचा विमा विचारायला. मैत्रिणी हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुठलीही गाडी दिसली की नाना तिच्याभोवती एक फेरी मारत. पोचे आलेल्या जागेवरून हात फिरवत, आणि मालक जवळपास असला की त्याला ऐकवत, "इमा आपलासाठे नही, समोरना माणूससाठे ऱ्हास." यावर लोक माना डोलवून सटकत. मला वाटे, विमा समोरच्या माणसासाठी असतो हे गिऱ्हाईक पटवायचं ठरलेलं वाक्य असणार. एजंट माणूस, दुसरं काय म्हणणार?

मला पहूरच्या शाळेत नोकरी लागली आणि पाठोपाठ गाडी चालवायचा परवानाही मिळाला. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याची वापरलेली गाडी मी पसंत केली. साठवलेलं सगळं तिच्यात गेलं आणि विम्याची वेळ आली तेव्हा हात रिकामे होते. कायद्यापुरता स्वस्तातला विमा काढ, असं जो तो सांगत होता. नानांना ते पटेना. नवा हात आहे, गाडी कुठेतरी घासणारच, तेव्हा विमा पूर्ण पाहिजे, म्हणाले. मी म्हटलं, जुन्या मालकाला भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात सूट मिळत होती, तीच पुढे चालू ठेवा की. तर नाना म्हणाले, ती सूट गाडीची नसते, माणसाची असते. विकणारा ती आपल्याबरोबर घेऊन जातो.

मग दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. मोतीबिंदूमुळे त्यांनी स्वतःची गाडी नुकतीच विकली होती. जन्मात एकदाही नुकसानभरपाई न मागितल्यामुळे त्यांची मोठी सूट शिल्लक होती आणि ती नुसती पडून वाया जाणार होती. गाडी त्यांच्या नावावर घेतली तर ती सूट लागू होऊन हप्ता मला झेपण्यासारखा होत होता. त्यांनी विमा कंपनीत विचारून सगळं नियमात बसतं याची खात्री केली. मला मात्र नाव त्यांचं लावायचं म्हणजे थोडं अवघड वाटलं. ते त्यांनी ओळखलं.

"गाडी तुनी शे, पोरी. नाव तेवढं मनं," ते म्हणाले. "तू बिनधास्त चालाड. काही व्हयनं ते मालक म्हनीसन मी उभा ऱ्हासू."

बाबा तेव्हा माझ्या भावाच्या साखरपुड्याच्या धावपळीत होते. नाना विम्याचं बघताहेत, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. गाडीचं नोंदणीचं कार्ड आलं ते नाना साखरपुड्याच्या दिवशीच हौसेने घेऊन आले. बाबांनी ते हातात घेतलं, मालकाचं नाव वाचलं आणि भरल्या मांडवात म्हणाले, "नाना, पोरीच्या पैशाची गाडी तुमच्या नावावर कशी झाली? घरातल्यांकडूनही कमिशन काढता का?"

नवे पाहुणे हसले. मी बोलायला तोंड उघडलं, तर नानांनी हातानेच मला थांबवलं. मुलीकडच्या लोकांसमोर घरातलं भांडण नको, हे त्यांना अशा वेळीही सुचलं. हातातला पाण्याचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "पोरना नावे करी टाकसू." आणि आत्याला घेऊन न जेवता निघून गेले. घरचा जावई उपाशी गेला. पाहुणे पांगल्यावर मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. "मग आधी सांगायचं ना," ते माझ्यावरच खेकसले. पण फोन करून कमीपणा घेणं त्यांना जमलं नाही.

नावाची बदली व्हायच्या आतच पहूरच्या चौकात माझ्या गाडीचा एका दूधवाल्याच्या मोटरसायकलला धक्का लागला. तो पडला, हात मोडला. पोलिसांनी गाडी ठाण्यात लावली. मी आधी नानांना फोन केला आणि मग बाबांना. बाबा पोचले. गाडी मालकाच्याच ताब्यात मिळेल, मालक कोण, असं हवालदाराने विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघत म्हणाले, "माझे मेहुणे." मग मेहुण्यांना बोलवा, असं हवालदार म्हणाला. बाबा नुसतेच मोबाईल हातात धरून उभे राहिले.

बोलवायची गरज नव्हती. नाना धुळ्याहून एसटीने निघून परस्पर दवाखान्यात गेले होते. दूधवाला पोलीस-कोर्टाच्या नुसत्या नावाने घाबरला होता. त्याच्या खाटेशी बसून त्यांनी भरपाई कशी मागायची ते त्याला समजावलं. "मनावर केस टाक, भाऊ. लाजू नको," असं ते त्याला स्वतःवरच केस टाकायला सांगत होते, हे मला नंतर त्याच्या बायकोने सांगितलं. 'समोरना माणूससाठे' हे मी हसण्यावारी नेलेलं वाक्य मला तेव्हा कळलं. मग नाना ठाण्यात आले, मालक म्हणून सही केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. बाबा हात जोडून म्हणाले, "नाना, घरी चला. दोन घास खाऊन जा."

"पहिले गाडी पोरना नावे व्हऊ द्या," नाना शांतपणे म्हणाले, "मंग जेवाले येसू."

केस चालू असताना नाव बदलू नका, असं वकिलांनी सांगितलं. नाना धुळ्याहून जळगावच्या कोर्टात येत, ज्यांच्यावर दावा त्या गैरअर्जदारांच्या रांगेत उभे राहत आणि दुपारच्या गाडीने परत जात. आमचं घर कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, पण त्यांनी उंबरा चढला नाही. डबा घेऊन मीच स्टँडवर जायची. बाबा फाटकापर्यंत येऊन मागे फिरायचे. अखेर दूधवाल्याला कंपनीकडून भरपाई मिळाली. नाव बदलायला जायचा वारही ठरला, आणि त्याच आठवड्यात नाना झोपेतच गेले.

आता आत्याच्या सह्या लागणार होत्या. महिन्याभराने मी त्याच गाडीतून बाबांना घेऊन धुळ्याला गेले. घर आलं तरी बाबा उतरेनात. "तू ये जाऊन," म्हणाले. आत्याने ओट्यावर बसून सह्या केल्या आणि उठून गाडीपाशी आली. नानांसारखीच गाडीभोवती एक फेरी मारून ती बाबांच्या खिडकीशी थांबली.

"भाऊ," ती म्हणाली, "गाडीना इमा कव्हय सरस?"

बाबांना तारीख माहीत नव्हती. मला पाठ होती, पण नानांचा हा रामराम बाबांना होता. आत्या खिडकीवर हात ठेवून उत्तराची वाट बघत राहिली.