कापूस सोडलेली बोटं

बातमी आली तेव्हा माझ्या अंगणात एक कुत्रा दादाची वाट बघत बसला होता. विलासदादा, माझा थोरला भाऊ, दर आठवड्याला अकोल्याहून अमरावतीला यायचा आणि आमच्या स्कूटरच्या खोलीत कुत्र्यांना मालिश करायचा. फोन मूर्तिजापूरहून आला. गाडीतच छातीत कळ आली, लोकांनी खाली उतरवलं, पण... कुत्र्याचा मालक बाजूलाच उभा होता. मी त्याला चहा करून दिला. महिना उलटला तरी तो चहा का केला ते मला कळलेलं नाही, आणि अजूनही या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझारा घालत असते.

दादा आधी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होता. म्हणजे गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, ओल बघायची, अंगठा आणि तर्जनीत धागा ओढायचा आणि प्रत सांगायची. तो बोलला की गाडीवाल्याचं वर्ष ठरायचं. ती वर्षं वाईट होती. रोज कुठल्या ना कुठल्या गावातून कुणा शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी यायची, आणि रांगेतले सगळे डोळे दादाच्या बोटांवर असायचे. घरी जेवायला बसला तरी त्याचा हात चादरीचा नाहीतर सदऱ्याचा दोरा ओढत राहायचा. आई चिडायची, पण हात काही थांबायचा नाही.

अशाच एका हंगामात आमच्या बाबांची गाडी बार्शीटाकळीहून आली. पोराने आपला माल पाहावा एवढीच त्यांची हौस. रांगेत कोणी तरी म्हणालं, "आता पाहा, बापाच्या मालाले वरचा नंबर भेटन." दादाने ते ऐकलं, आणि चांगल्या पांढऱ्याशुभ्र कापसाला खालची प्रत सांगून मोकळा झाला. बाबा गाडी रिकामी करून बैल जुंपून निघून गेले. दादा मला म्हणाला, "शोभा, कापूस चांगला होता. बोटाले समजलं होतं. तोंडातून दुसरंच निघालं." पुढच्या हंगामाआधी त्याने नोकरी सोडली.

जिनिंगच्या फाटकावर एक कुत्रं होतं. ट्रॅक्टरचा धक्का लागून मागचे पाय ओढत चालायचं. दादा त्याचे पाय चोळत बसायचा. जनावरांच्या एका डॉक्टरांनी ते पाहिलं, पुण्याला हे रीतसर शिकवतात म्हणून सांगितलं, आणि बायकोपोरांचा दादा चाळिशीत विद्यार्थी झाला. परत आला तो कुत्र्यांचा मालिशवाला होऊन. नातेवाइकांना हसायला आयतं निमित्त मिळालं. एका लग्नात मावशीच्या यजमानांनी भर पंगतीत विचारलं, "मोहरीचं तेल लावतोस का खोबऱ्याचं?" दादा म्हणाला, "तेल नाही लागत, काकाजी. खाली बसा लागते." खरंच तो जमिनीवर बसून राहायचा, कुत्र्याकडे न बघता, ते आपणहून जवळ येऊन हात हुंगेपर्यंत. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे हळूहळू खाली सरकायचे.

बाबांना मात्र हसू आलं नाही. "माणसं मरून राहिली, अन् तू कुत्र्याईचे पाय दाबून राहिला?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमी बैलाचे खांदे मळता, तसंच हाये, बाबा."

"बैल कमावते. कुत्रं काय कमावते?" मग भिंतीकडे बघत म्हणाले, "माह्या कापसाले खालचा नंबर देल्ला याच बोटाईनं, अन् आता..."

माणसं सोडून कुत्री का, हा बाबांचा प्रश्न मलाही छळायचा. मी दादाला विचारलं तर म्हणाला, "जिनिंगमध्ये सारे माह्या बोटाले भेत होते. कुत्रं बी पहिले भेते. मंग झोपते. मले तेवढं पुरते." मला ते उत्तर तेव्हा पुरलं नाही, आजही पुरत नाही. पण त्याच्या मांडीशी घोरणारं कुत्रं पाहिलं की भांडायला तोंड उरायचं नाही. त्याची एकच इच्छा होती. दर खेपेला निघताना चप्पल घालता घालता म्हणायचा, "एकडाव बाबाले इथं आण. काही बोलू नको, नुसतं बसू दे." मी बाबांना सांगायची. ते कधी निंदणीचं कारण सांगत, कधी गुडघ्याचं. सणावाराला बापलेक एका पंगतीत जेवले, पण बाबा त्या खोलीत आले नाहीत. आता राग कुणावर काढू... दोघेही माझेच.

तेरवीनंतर बाबांना मी माझ्याकडे घेऊन आले. परवा परतवाड्याचे एक गृहस्थ आपली म्हातारी कुत्री जीपमधून घेऊन आले. त्यांना काही कळलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते पायरीवरच बसले, आणि मग कुत्रीला उचलून निघाले. तेवढ्यात बाबा आतून आले. स्कूटरच्या खोलीची कडी त्यांनी स्वतः काढली, कोपऱ्यातली सतरंजी अंथरली.

"तो कसा करत होता? मले दाखवा."

"मले येत नाही, काका. मी आपला बाजूले बसून पायत होतो."

"तुमी पाह्यलं ना," बाबा म्हणाले. "मी नाही पाह्यलं."

ते गृहस्थ अवघडून खाली बसले. कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. आठवत, थांबत, अंगठे कण्याच्या कडेने खाली नेले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्या हातांवरची नजर हलत नव्हती. कुत्रीने मान सतरंजीवर टाकली, तसे त्या गृहस्थांनी हात उचलले.

"अजून एकडाव," बाबा म्हणाले.