पतीचे सहकार्य उत्तम

त्या शनिवारी दवाखान्यात माझ्या बायकोनं वाचून दाखवलं ते पान तिचं नव्हतं. माझं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिनंही नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो आणि वर्षभरात तिला मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झालं. घरात फ्रिज नव्हता. बाटली शेजारणीच्या फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. सकाळ-संध्याकाळ ही त्यांच्या दारात उभी. "आल्या का सुईवाल्या वहिनी?" शेजारीण हसून म्हणायची, घरात पाहुणे असले तरी. त्याच दिवाळीत मी टीव्ही घेतला. रंगीत. का, तर ऑफिसात सगळ्यांकडे होता. डोकं फिरतं आठवलं की.

जुन्या पनवेलातल्या डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "साखर मला लघवी तपासून कळते. तुम्ही चिडता कधी, रडता कधी, ते कळत नाही. घरी एक पान लिहा. येईल तसं, कुणाला बरं वाटावं म्हणून नाही. शनिवारी तुम्ही चार-पाच जणी मिळून वाचा."

ही शिरढोणची, शेतकऱ्याघरची, सातवी शिकलेली. लिहिणार काय, असं मला वाटलं. तिनं लिहिलं. दुपारची भांडी उरकून, ओट्याशी उभी राहून, जशी बोलते तसं. शुक्रवारी संध्याकाळी ती बाटली आणायला गेली तेव्हा मी ते पान उचललं.

'टीवी बगायला सगली येतात. माजी बाटली आनायला मीच जाते. भीक मागल्यासारखी दारात उबी रहाते. नवरा पेपर वाचत बसतो. एकदा त्यालाच सुई टोचावी, असा वाटतंय.'

मी कारकून माणूस. कच्चा मसुदा साहेबांपुढे जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच काम मला नीट येत होतं. कुणी शिव्या घालून अर्ज केला तरी आम्ही वर 'किरकोळ अडचणी' लिहून पाठवायचो. तसंच हेही केलं. चांगला कागद घेतला, वळणदार अक्षरात लिहिलं: 'औषधोपचार नियमित सुरू आहेत. क्वचित थकवा जाणवतो. पतीचे सहकार्य उत्तम.' तिचं पान फाडून संडासात सोडलं आणि साखळी ओढली. घरात संडास असल्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

सकाळी तिला म्हटलं, "तुझं अक्षर बाईंना लागायचं नाही. नीट करून दिलंय." तिनं घडी न उघडता कागद पिशवीत टाकला. विश्वास होता, दुसरं काय.

दवाखान्यात मी दाराशी बाकावर बसलो होतो. तिची पाळी आली. तिनं घडी उघडली, पाहिलं, आणि वाचलं. तिन्ही वाक्यं. आवाज जराही हलला नाही. एक बाई म्हणाली, "नशीबवान गं तू." डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी बाकीच्या नवऱ्यांना तुम्हीच चार शब्द सांगा."

आणि मी सांगितले. उभा राहून. पाणी पिऊन. लोकांनी माना डोलावल्या. त्या माणसाच्या कानाखाली ओढायला हवी होती कुणीतरी.

त्या पहिल्या शनिवारी रिक्षात ती एवढंच म्हणाली, "सुई पन तुमीच टोचून घ्या आता. माजा सगला तुमीच करता नाय?"

पुढच्या शनिवारपासून ती कोरा कागद घेऊन जायची. "काही सुचलं नाही का?" बाई विचारायच्या. "सगला चांगला हाय, बाई," ही म्हणायची. मग जाणंच सोडलं. पुढच्या दिवाळीत फ्रिज आला. तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, बाटली आत ठेवली आणि दार लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी काय अपेक्षा करत होतो, हार?

डॉक्टरबाई अजून त्याच दवाखान्यात बसतात. ही अजून सुई घेते, माझ्याकडे पाठ करून. तिच्या पानातला शब्द न् शब्द मला येतो. तो तिच्यासमोर, डॉक्टरबाईंसमोर, सुईच्या वाक्यासकट म्हणून दाखवणं आणि ते पान मी फाडलं हे सांगणं, हे माझं देणं आहे. अजून दिलेलं नाही.