देवळाच्या आळीतली गॅलरी

लग्न झालं तेव्हापासून आमचे यजमान बोटीवर होते. बोटीवरचे सुतार. आज बसरा, तर उद्या झांजिबार. वर्षा-दोन वर्षांनी मुंबईहून आगबोटीनं रत्नागिरीला उतरायचे, थोडे दिवस राहायचे, आणि त्यांना काय आवडतं, काय नाही हे मला कळायला लागेपर्यंत परत निघायचे. १९३०च्या आसपास ते कायमचे घरी आले. तोवर मी चाळिशीला टेकले होते. सासू-सासरे केव्हाच गेले होते. घरातलं कुठलं कौल गळतं आणि कुठली कडी अडकते हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

आमचं घर देवळाच्या आळीत. पारापासून देवळाच्या दरवाजापर्यंत दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्यांची जुनी घरं, सगळ्यांच्या पडव्या एका ओळीत. रस्ता इतका अरुंद की समोर आमटीला फोडणी पडली की आम्हाला वासावरून समजायचं, आज लसूण की हिंग.

ह्यांना घरात झोपच येईना. "छातीवर छप्पर ठेवल्यासारखं वाटतं," म्हणायचे आणि चटई उचलून अंगणात जायचे. एक दिवस सकाळी पेज जेवता जेवता म्हणाले, "माडीला रस्त्याच्या बाजूनं गॅलरी काढतो. वारा येईल, बसायला होईल."

मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. इतकी वर्षं घर मी चालवलेलं, त्यामुळे जरा टोचलं. पण आतून बरंही वाटलं. ज्याला परत जायचंय तो माणूस गॅलरी कशाला काढेल?

काम सुरू झालं. माडीच्या भिंतीला भोकं पाडून त्यांनी सागाचे जाडजूड वासे बाहेर काढले. पुढच्या टोकांना आधार म्हणून रस्त्याच्या कडेला दोन खांब उभे करायचे होते. ते दिवसभर ठोकत असायचे, कानामागे पेन्सिल, तोंडात खिळे. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

समोरच्या घरात एक वयस्क काका राहत. देवीच्या पालखीचे ते मुख्य मानकरी. शिमग्यात पालखी आळीतून निघायची ती त्यांच्या हुकमानं. ते आमच्या ओटीवर आले. मी चहा दिला. चहा हातात धरून त्यांनी वर पाहिलं.

"अरे, ते वासे पालखीला आड येतील रे."

"वर्षातून एकदाच तर येते पालखी," हे म्हणाले. "तेवढ्यापुरती जरा खाली धरा."

काकांनी कप तसाच खाली ठेवला आणि निघून गेले. मी दारात उभी होते. मला कळलं की हे प्रकरण आता चहावर मिटणारं नाही.

आणि तसंच झालं. म्युनिसिपालिटीचा शिपाई नोटीस घेऊन आला. बिनपरवाना बांधकाम, काम ताबडतोब थांबवा, कमिटी जागा पाहायला येईल. हे ओटीवर येरझारा घालू लागले.

"समोरासमोर राहायचं आणि पाठीमागून तक्रार करायची!"

"समोर येऊनच सांगितलं होतं त्यांनी," मी म्हटलं. "तुम्ही पालखी खाली धरायला सांगितलीत."

"म्हणजे तू त्यांच्या बाजूची?"

मला राग आला. "तुम्ही बसऱ्याला होतात तेव्हा मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरला कोण घेऊन आलं? दर साल पावसाआधी घर शाकारायला माणसं कोण पाठवायचं? त्या काकांनीच ना?"

त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. असणार कसं? मी पत्रात फक्त 'इकडील सर्व क्षेम' लिहायची. आजारपण कळवून त्यांना समुद्रात काळजी कशाला लावायची, असं वाटायचं. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा भांडलो. आणि खरं सांगायचं तर भांडण झाल्यावर मला मोकळं वाटलं. पाहुण्याशी कोणी भांडत नाही.

कमिटी आली. एक वकील, एक डॉक्टर आणि म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर. सगळी आळी पडव्यांत जमली. मी ओटीच्या आतल्या दाराशी उभी राहिले.

ओव्हरसियर म्हणाले, "ही जुनी आळी आहे. इथं रस्त्यावर काही पुढे काढायचं तर आधी परवानगी लागते, तसा ठराव आहे. आज तुम्ही खांब रोवाल, उद्या शेजारी पडवी पुढे घेईल. मग रस्ता राहील कुठे?"

"मला हे कोणी सांगितलं नव्हतं," हे म्हणाले.

"आणि तुम्ही कोणाला विचारलंत?" वकिलांनी शांतपणे विचारलं.

मला आतून हसू फुटलं. चांगलं मोठ्यानं. ह्यांनी मागे वळून पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले.

मग वकिलांनी पालखी केवढी असते ते विचारलं. त्यावर जो तो हात पसरून दाखवू लागला. काकांचे हात सगळ्यांत लांब पसरले. कोणी म्हणे पालखी सहज जाईल, कोणी म्हणे मुळीच जाणार नाही. डॉक्टर म्हणाले, "पालखीच आणून बघू या की." त्याबरोबर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शिमग्याशिवाय पालखी बाहेर निघत नाही, हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगायचं?

तेव्हा हे पुढे झाले. "मी सुतार आहे. गुरवांनी परवानगी दिली तर देवळात जाऊन पालखीचं माप घेतो. तशाच मापाचा बांबूचा सांगाडा करतो. तो आळीतून नेऊन पाहू. अडला तर वासे मी स्वतः कापीन."

काका पडवीतून खाली उतरले. मग म्हणाले, "माप घ्यायला मी येतो बरोबर. कळसासकट घ्यायचं हो."

दुसऱ्या दिवशी दोघं देवळातून बाहेर आले ते बोलत बोलत. पालखीच्या दांड्याला कुठलं लाकूड लागतं यावर वाद चालला होता. हे घरी आले आणि मला म्हणाले, "म्हाताऱ्याला लाकडातलं कळतं बरं का." ह्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

सांगाडा तयार झाला. दांडा, छत, वर कळसाच्या जागी नारळाची करवंटी. कमिटी पुन्हा आली. चौघांनी सांगाडा खांद्यावर घेतला आणि पारापासून सरळ चालत आले. आमच्या घराखालून तो अलगद निघून गेला. हे खूश झाले.

"थांबा," काका म्हणाले. "पालखी अशी चालत जाते होय? पालखी नाचते."

कुणीतरी रॉकेलचा रिकामा डबा आणला आणि त्यावर ढोलाचा ठेका धरला. काकांनी स्वतः पुढचा दांडा खांद्यावर घेतला. आणि तो सांगाडा नाचायला लागला हो! एकदा डावीकडे झुके, एकदा उजवीकडे, मध्येच हातांवर वर उचलला जाई. पडव्यांतली माणसं आपसूक टाळ्या वाजवू लागली. वकीलसाहेबसुद्धा पायानं ताल धरून होते. सांगाडा आमच्या घराखाली आला, वर गेला, आणि खाडकन आवाज झाला. करवंटी उडून डॉक्टरांच्या पायाशी पडली. छताचा बांबू मोडून लोंबकळायला लागला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते वर आपल्या वाशांकडे बघत होते. एकाएकी ते हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"करवत आण गो," मला म्हणाले.

निर्णय तिथंच झाला. खांब रोवायचे नाहीत. वासे कापून आखूड करायचे, आणि गॅलरी भिंतीतूनच तिरक्या आधारावर पेलायची. डॉक्टरांना हवा खेळती राहावी असं वाटत होतं, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. काकांनी एक अट घातली. पालखी येईल तेव्हा वर कोणी उभं राहायचं नाही, देवाच्या डोक्यावर माणूस नको. हे लगेच कबूल झाले. ओव्हरसियरनी तीही अट परवानगीत लिहून घेतली.

गॅलरी झाली ती एवढीशी. एक खुर्ची मावायची, तीही आडवी ठेवून. तिथून समुद्र दिसत नव्हता. देवळाचा कळस, माडांचे शेंडे, आणि रस्त्यावरून जाणारे-येणारे, एवढंच.

पुढल्या शिमग्यात ढोल ऐकू आले तेव्हा मी वरची दारं लावून खाली आले आणि पंचारती घेऊन ओटीवर उभी राहिले. पालखी आमच्या दारापुढं नाचली. काकांनी मानेनंच ह्यांना खूण केली, एकजण बाजूला झाला आणि हे दांड्याखाली शिरले. बोटीवर आयुष्य गेलेला माणूस, पाय कसे टाकायचे ते ठाऊक नाही. दोनदा काकांच्या पायावर पाय दिला. काका ओरडले, "अरे मेल्या, डोलतोस काय, नाच!" सगळी आळी हसली. मी ओवाळायचं विसरून पाहत राहिले. इतकी वर्षं आळीत मला सगळे 'बोटीवाल्यांची बायको' म्हणत. त्या दिवसापासून तेच लोक ह्यांनाही आळीतल्या माणसासारखी येता-जाता हाक मारू लागले.

पुढं आळीत कोणाला खिडकी पाडायची असली, पडवी दुरुस्त करायची असली, की ओव्हरसियर ह्यांनाही बरोबर घेत. हे उत्साहानं जायचे आणि माप घेण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारायचे, "वहिनी, तुम्हाला हवीय ना ही खिडकी?" बऱ्याचदा वहिनींना ती भलतीकडेच हवी असायची, आणि मग घरात नवा वाद पेटायचा. काहींना हा आगाऊपणा वाटे. मला नाही वाटला.

संध्याकाळी हे गॅलरीत बसायचे. मी माडीच्या दारात, उंबऱ्यावर. आम्ही बोलायचो. बसऱ्याच्या खजुरांपासून शेजारच्या गाईपर्यंत कशावरही. पत्रांत जे लिहिलं नव्हतं ते एकेक करून निघायचं. समोरून काका विचारायचे, "काय रे, आज वारा कुठला?" हे नाक वर करून सांगायचे, "मतलई, जमिनीकडला. उद्या मासळी मिळेल." कधी मिळायची, कधी नाही. मिळाली नाही की मी सुकटीची चटणी करायची, आणि एक वाटी समोर धाडायची.