जजसाहेबांचे कागद, माझ्या फुल्या

मला ती नोकरी मिळाली फटकळपणामुळे. नागपुरात याच गुणापायी माझी दोन स्थळं मोडली होती, तेव्हा अमेरिकेत त्याचा पगार मिळेल असं माझ्या आईलाही वाटलं नसतं. २००१ साल होतं. आम्हाला नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं, आणि आम्ही राहायचो त्या कॅरी गावापासून अर्ध्या तासावर फेडरल अपील कोर्टाच्या एका जजसाहेबांना सेक्रेटरी हवी होती. मुलाखतीत त्यांनी टायपिंगचा वेग विचारलाच नाही. आपल्याच एका निकालाचं पान पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वाचा. अडाल तिथे पेन्सिलने फुली मारा." मी सात फुल्या मारल्या. शेवटच्या फुलीवर बोट ठेवून त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "हे वाक्य कुठे सुरू झालं ते संपेपर्यंत मी विसरले." ते म्हणाले, सोमवारपासून या.

खालच्या कोर्टात हरलेला माणूस अपील कोर्टात येतो. इथे साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही, रडारड नाही. तीन जज आणि कागदांचे ढीग. साहेबांचा जन्म तंबाखूच्या शेतावरचा. आधी गावात वकिली, मग खालच्या कोर्टात जज, मग बढती मिळून इथे. पण जीव अडकलेला खालच्या कोर्टात. "तिथे माणसं दिसायची," म्हणायचे, "इथे नुसते त्यांचे कागद दिसतात." म्हणूनच त्यांनी एक नियम केला होता: प्रत्येक निकाल बाहेर जाण्याआधी मी वाचायचा आणि अडेन तिथे फुली मारायची. जिंकलेला माणूस निकालाची शेवटची ओळ बघतो आणि जेवायला जातो. हरलेला अक्षर न् अक्षर वाचतो, आणि वकील शेजारी नसतानाही त्याला आपण का हरलो ते कळायला हवं. चेंबरमधले लॉ क्लार्क म्हणजे बड्या कॉलेजांतून वर्षभरासाठी आलेली हुशार पोरं. त्यांना सगळंच कळायचं, म्हणून ती या कामाला निरुपयोगी. थोडक्यात, मी पगारी हरणारी होते.

त्या वर्षी आमच्या भागात लेऑफचा सपाटा सुरू होता आणि नवरा रोज तोंड पाडून घरी यायचा. अमेरिकेत अशा जजला मरेपर्यंत कोणी काढू शकत नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. "नो अप्रेझल, नो लेऑफ, आणि लाइफटाइम? यार, असा जॉब पोस्ट झाला तर मला फॉरवर्ड कर!"

साहेब एवढा मोठा माणूस, पण ई-मेल म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायचे. पिवळ्या कागदांच्या पॅडवर पेन्सिलने लिहायचे आणि मी ते टाइप करायची. जेवायला रोज पांढऱ्या ब्रेडमध्ये टोमॅटो, त्यावर मेयोनीज. दिवाळीला मी चकल्या नेल्या तर डबा उघडण्याआधी त्यांनी जजने भेटी घेण्याच्या नियमांचं पुस्तक उघडलं. मी म्हटलं, "साहेब, चकलीने निकाल फिरत असते तर आमच्या नागपुरात एकही केस पेंडिंग राहिली नसती." शेवटी सगळ्या स्टाफला वाटणार असाल तर चालेल, असा निकाल लागला. सगळ्यांत जास्त चकल्या कोणी खाल्ल्या ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या ख्रिसमसच्या पत्रावरही मी दोन फुल्या मारल्या होत्या. हे ऐकून लेक म्हणाली, "आई, यू आर सो मीन टू हिम."

मला नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. साहेब दुसऱ्या शहरातल्या सुनावण्या आटोपून परत आले आणि चेंबरचं दार त्यांनी लावून घेतलं. त्यांच्या एका वयस्कर सहकारी जजने भर कोर्टात एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता, आणि सगळ्यांनी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं होतं. "आम्हाला कोणी काढू शकत नाही," ते म्हणाले, "म्हणून कोणी सांगतही नाही. सहकारी सभ्य आहेत. क्लार्कना माझं शिफारसपत्र हवं असतं. बायकोचं माझ्यावर प्रेम आहे. तुम्हाला यातली एकही अडचण नाही. माझं डोकं चालेनासं झालं की तुम्ही सांगायचं." मी विचारलं, याचा ओव्हरटाइम मिळेल का? ते हसले, पण पुढे केलेला हात मागे घेतला नाही. मी हातात हात दिला. फटकळ बाईला यात कसली अडचण, असं मला खरंच वाटलं होतं.

२००७च्या उन्हाळ्यात फुल्या वाढायला लागल्या. आधी एकच वाक्य दोनदा यायचं. मग अपील करणाऱ्याचं नाव समोरच्याला आणि समोरच्याचं याला. मी फुल्या मारत गेले आणि ते "अरेच्चा" म्हणत दुरुस्त करत गेले. एकदा एका पानावर अकरा फुल्या झाल्या. ते पान बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्या दिवसापासून मी पेन्सिल उचलली नाही. टाइप करतानाच गुपचूप नावं जागेवर बसवायची, वाक्यं सरळ करायची. पुढे क्लार्क आणि बाकीचे दोन जज सगळं तपासायचेच, तेव्हा कोणाचं नुकसान होत नाही, असं मी स्वतःला बजावत होते. दिलेला शब्द मला रोज आठवायचा. रोज ठरवायचं, आज सांगायचं. आणि रोज टोमॅटोचं सँडविच खाणारा तो म्हातारा बघून उद्यावर ढकलायचं. मला त्यांची माया लागली होती, दुसरं काय!

पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर एका बाजूला माझे टाइप केलेले कागद, दुसऱ्या बाजूला त्यांची पिवळी पानं.

"सात वर्षांत तुम्ही मला एकही पान कोरं परत दिलं नव्हतं," ते म्हणाले. "हे तीन निकाल बघा. एक फुली नाही."

"तुमचं लिखाण सुधारलंय, साहेब."

"मी आयुष्यभर साक्षी ऐकल्या आहेत. खोटी साक्ष मला कळते." त्यांनी एक पिवळं पान माझ्यासमोर धरलं. शेवटच्या ओळीत त्यांनी अपील फेटाळलं होतं. वरच्या बावीस पानांत अपील करणारा कसा बरोबर आहे ते लिहिलं होतं. माझ्या टाइप केलेल्या प्रतीत अपील मंजूर होतं.

"हे मी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्हीही सभ्य झालात. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मला फार लाज वाटली. सांगायचं होतं ते जन्मात पहिल्यांदाच तोंडून निघेना. ते म्हणाले, ठीक आहे, जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक पिवळं पान होतं. राष्ट्राध्यक्षांच्या नावे पत्र, निवृत्तीचं. तीनच वाक्यं. सेवेची संधी दिल्याबद्दल आभार, कुटुंबाला अधिक वेळ देता यावा म्हणून निवृत्त होत आहे, अमुक तारखेपासून. एकही नाव चुकलेलं नव्हतं. निवृत्त होऊन घरी बसलो तर बायकोच्या पायात पायात येईन, असं ते स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आले होते.

मी पेन्सिल काढली. मधल्या वाक्यावर फुली मारली आणि पान आत नेऊन ठेवलं.

त्यांनी ती बघितली. मान वर करून मला विचारलं, "हे वाक्य कळलं नाही?"

"हे खरं नाही, साहेब."

ते हळूच हसले, ते वाक्य खोडलं आणि त्याच्या वर सावकाश लिहिलं: माझं काम मला आता पूर्वीसारखं नीट करता येत नाही.

पान माझ्याकडे दिलं आणि वाट बघत राहिले. मी तीनही वाक्यं पुन्हा वाचली. कुठेही अडलं नाही. पेन्सिल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पत्र टाइप करायला बाहेर आले.