नवं स्टेअरिंग, दोन लिंबं आणि पेण ते रोहा

उशीर झाला, माफ करा. रोह्याहून आलो की दोन दिवसांत लिहितो असं इथे सांगून बसलो होतो आणि आता तुळशीचं लग्नही उरकलं. मी सहावी शिकलेला माणूस. फोनला तोंडाने सांगतो, तो लिहितो, मग त्याच्या चुका मी एका बोटाने काढत बसतो. त्यात मन थाऱ्यावर नव्हतं. का नव्हतं तेच आज सांगतो.

नवे वाचक असतील त्यांच्यासाठी. मी पेणचा, एका डॉक्टरांकडे आयुष्यभर ड्रायव्हर होतो. त्यांची लाल, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी आहे. लेकीकडे कायमचे राहायला जाताना त्यांनी ती माझ्या नावावर केली. म्हणाले, "तूच चालव, गंजू देऊ नकोस." कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, नाहीतर विकत घ्यायला लोक दारात उभे राहतात. एकदा राहिलेत.

गणपतीनंतर एका वळणावर ही गाडी माझ्या हातून दुभाजकावर चढली. फार नाही, एक टायर. पण शेजारी मुलगा बसला होता. राकेश पनवेलला नोकरीला असतो. खाली उतरला, टायर बघितला आणि मग माझे हात बघितले.

"बाबा, हात थरथरतात तुमचे. आता बास. गिऱ्हाईक आहे माझ्या ओळखीत."

मी म्हटलं, हात नाय, स्टेअरिंग थरथरतं. आणि ते खोटं नव्हतं. लाकडी कडं तडकून आतल्या काड्यांवरून सरकत होतं. मी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली होती. शेवटी ठरलं असं की स्टेअरिंग बदलायचं. त्यानंतर गाडी सरळ चालली तर माझी, नाही चालली तर चावी राकेशची. आणि बघणार कोण? तर त्याची आई. तिला तो म्हणाला, "आई, तू शेजारी बस आणि खरं काय ते मला सांग." सुमनला खोटं बोलता येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

रोह्याला लागून वरसे आहे. तिथे नरेश म्हणून मेकॅनिक आहे, जुन्या गाड्यांवर जीव असलेला. त्याने अशाच एका मोडीत निघालेल्या गाडीचं स्टेअरिंगचं चाक मिळवून ठेवलं होतं. चाक आणि मजुरी धरून साडेनऊ हजार. महाग वाटेल, पण असं लाकडी चाक शोधायला निघालात तर कळेल.

शुक्रवारी उजाडताच निघालो. ज्यांना जायचंय त्यांनी लवकरच निघा. वडखळचा नाका ट्रेलर जमण्याआधी पार केलेला बरा. टाकी अर्धी होती, तरी मी हजाराचं पेट्रोल टाकलं. सुमन म्हणाली, "अवो, रोह्याला पंप नायत का?" आहेत. पण मला रस्त्यात गाडी बंद पडल्याची स्वप्नं पडतात. नागोठण्यापुढे रस्ता कुठे काँक्रीटचा गुळगुळीत, कुठे एकदम वळवलेला. उघड्या गाडीत धूळ तोंडात येते, म्हणून रुमाल बांधा. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोहा जवळ पडतं, रस्ता झाडीचा आणि देखणा आहे. पण त्या सरकत्या चाकावर मला खिंडीची वळणं नको होती. मी कोलाडवरून गेलो. वाटेत सुमन माझ्या हातांकडे बघत होती. मी तिला म्हटलं, बाहेर बघ गो, भातं कापायला आलीत. ती म्हणाली, "भातं मी बघितलेली हायत."

नरेशचं गॅरेज म्हणजे घरासमोरचं अंगण आणि वर पत्रा. सुमनने त्याच्या आईसाठी पोह्यांचे पापड आणले होते. दोघी ओटीवर बसल्या आणि आम्ही गाडीत डोकं घातलं. मधला नट अडकला होता. तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. इकडे माझा जीव घड्याळात. साडेदहाला राहुकाळ लागत होता आणि त्याआधी लिंबं व्हायला हवी होती. एवढं नवं चाक बसवायचं आणि राहुकाळात पूजा? मला ते सहन झालं नसतं.

"काका, चाक बसूदे, मग लिंबं ठेवू," नरेश म्हणाला.

"तोवर राहुकाळ लागेल."

"गाडीला काय कळतंय राहुकाळ?"

ओटीवरून त्याची आई ओरडली, "तुला तरी काय कळतंय? थांब, मी लिंबं आणते."

शेवटी जुनं चाक निघालं, तेव्हा दहा वाजून गेले होते. नवं बसवायला वेळ नव्हता. नरेशच्या आईने, तिला सगळे आजीच म्हणतात, स्टेअरिंगच्या उघड्या दांड्यालाच हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या दोन टायरांखाली दोन लिंबं ठेवली. मी आणि नरेशने मागून गाडी ढकलली. लिंबं फुटली. राहुकाळ टळला. मला इतकं हलकं वाटलं की मी आजींच्या पाया पडलो. मग नरेशने चाक बसवलं, नट आवळला, हॉर्न जोडला. अंगणात चार हात पुढे, चार हात मागे घेऊन बघितली. उत्तम. नवं चाक तीन काड्यांचं, जुनं चार काड्यांचं होतं. हाताला जाड आणि ऊबदार लागलं.

जेवून आम्ही चालत जाऊन कुंडलिकेच्या काठावर जरा बसलो. रोह्याला गेलात तर बसाच, बसायला पैसे पडत नाहीत.

परत निघालो आणि धाटावला कंपन्यांची शिफ्ट सुटली. बसगाड्या, मोटारसायकली, चालणारी माणसं. मी चाक सरळ धरलं होतं आणि गाडी डावीकडे चालली होती. मी ओढून घेतली. पुन्हा डावीकडे. एका मोटारसायकलवाल्याने आरसा वाचवत शिवी दिली, "आजोबा, घरी बसा की!" चाक नवं, लाकूड घट्ट, कुठे काही सरकत नाही. मग आता उरलं काय? मी उरलो.

कोलाडला एका टपरीवजा हॉटेलात थांबलो. सुमनने कांदाभजी आणि दोन चहा सांगितले. भजी चांगली असतात तिथे, गरम असतील तरच घ्या. मी खिशातून चावी काढली आणि तिच्या बशीशेजारी ठेवली.

"राकेशला सांग."

"काय सांगू?"

"तू बघितलंस ते. गाडी सरळ जात नाय. चाकाचा दोष नव्हता."

तिने आधी भजी संपवली. मग म्हणाली, "अवो, हात थरथरला तर गाडी दोन्हीकडं जाईल ना? ही एकाच बाजूला येते, माझ्या. तुम्ही चाक सरळ धरलंत की येते. धाटावच्या पुलावर वाकडं धरलं होतंत, तेव्हा नीट चालली होती."

मी उठलो, गाडीपाशी गेलो, खाली वाकून पुढचे टायर बघितले. टायर सरळ होते. स्टेअरिंग उजवीकडे कललेलं. आणि मला ती दोन लिंबं आठवली.

नरेशला फोन केला. "नरेश, लिंबांवरून ढकलली तेव्हा चाक नव्हतं रे गाडीला. पुढचे टायर कोणी धरले होते?"

तो एवढा हसला की मला राग आला. लिंबावर चढताना टायर वळले होते. त्याने नंतर दिसायला सरळ म्हणून चाक बसवलं, ते वळलेल्या टायरांवर. तीन काड्यांचं नवं चाक, त्यामुळे सरळ कसं दिसतं याची माझ्या डोळ्यालाही सवय नव्हती. फोनमधून त्याच्या आईचा आवाज आला, "माझ्या लिंबांना दोष देऊ नको हां! राहुकाळ काकांचा होता!"

तो हत्यारं घेऊन मोटारसायकलवरून कोलाडला आला. हॉटेलच्या दारात टायर सरळ केले, चाक काढलं, दांड्याच्या दात्यांवर थोडं फिरवून पुन्हा बसवलं. हॉटेलवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला, करमणूक झाली. पेणपर्यंत गाडी रेषेवरून चालावी तशी आली. नागोठण्यानंतर सुमन झोपली. माझ्या शेजारी ती झोपली, याचा मला किती आनंद झाला ते फोनला सांगता येत नाही.

घरी आल्यावर सुमनला राकेशचा फोन. मी स्पीकर लावायला लावला.

"आई, सरळ चालते गाडी?"

"सरळ चालते."

"आणि हात?"

सुमन म्हणाली, "हात माझेपण थरथरतात. मी भाकऱ्या थापायच्या सोडल्या काय?"

राकेश म्हणाला, बघू, एका रविवारी येऊन मीच शेजारी बसतो.

त्या रात्री मी खूश होतो. पण सकाळी चहा पिताना तिचं उत्तर पुन्हा आठवलं. सुमन खोटं बोलत नाही. तिने हात थरथरत नाहीत असं म्हटलंच नव्हतं. तेव्हापासून मी हातातली कपबशी वाजते का ते ऐकतो. गाडीत नवं चाक जाड आहे, घट्ट धरलं की काही कळत नाही. कदाचित म्हणूनच कळत नसेल. वडखळपर्यंत रोज एक फेरी मारून येतो. गाडी सरळ जाते. तरी परत आल्यावर हात बघतो.

येत्या रविवारी राकेश येतोय. त्याआधी माझ्या नात्यात नसलेल्या माणसाने एकदा शेजारी बसावं असं फार वाटतं. बायको प्रेमाने गप्प राहील, मुलगा काळजीने जास्त बघेल. तुमच्यातलं कोणी पेणवरून जात असेल तर या. फेरी माझ्याकडून, पोह्यांचे पापड घरचे. फक्त माझे हात बघा आणि दिसेल ते तोंडावर सांगा. सांगाल ते मी ऐकेन. पण येणार असाल तर खाली दोन शब्द टाकून आजउद्या कळवा, रविवार फार लांब नाही.