आठल्ये काकांच्या गॅरेजमधली वीट

आठल्ये काका गेल्याची बातमी इथल्या मराठी मंडळाच्या ई-मेलमधून आली. पहिल्या परिच्छेदात निधनाचं वृत्त होतं आणि दुसऱ्यात गुढीपाडव्याचा पॉटलक ठरल्याप्रमाणेच होईल, गोड पदार्थ कमी पडताहेत, अशी सूचना. काकांचं वय एका वर्षानं चुकलं होतं आणि त्यांना 'इजिप्तच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक' ठरवलं होतं. काकांनी आयुष्यभर अभ्यास केला तो बॅबिलॉनचा, त्यातही फक्त शेवटच्या राजांचा. मी दुरुस्ती कळवली. उत्तर आलं, 'थँक्स! पण आता मेल गेलीय, जाऊ दे ना यार.'

मनोहर आठल्ये पुलांचे इंजिनिअर होते. चाळीस वर्षं अमेरिकेत, ओहायोत राहिले, त्यातली शेवटची वीस तिथल्याच डब्लिन नावाच्या उपनगरात. पुलाखाली उभं राहून काँक्रीटमधल्या भेगा मोजायच्या आणि दिसलं तेवढंच अहवालात लिहायचं, ही त्यांची नोकरी. खिळ्यांच्या आकाराची ती जुनी लिपी ते घरी, पुस्तकांवरून शिकले. माझी त्यांची ओळख २००२मध्ये झाली. मंडळात त्यांचं बॅबिलॉनच्या पाडावावर भाषण होतं, श्रोते अकरा. एका गृहस्थांनी मध्येच विचारलं, "काका, ते हँगिंग गार्डन्सचं सांगा ना." काका म्हणाले, "ती तिथं होती याचा पुरावा अजून सापडलेला नाही." "मग बायबलातला, भिंतीवर लिहिणारा तो हात?" "त्याचाही नाही." "मग काका, आहे काय तुमच्याकडे?" हशा पिकला. काका शांतपणे म्हणाले, "विटा आहेत. त्यांवर राजांची नावं आहेत. तुम्ही भजी घ्या, गार होताहेत."

पुण्याच्या एका दैनिकात मी नऊ वर्षं उपसंपादक होते आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आल्यावर डिपेंडंट व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. काका मराठीत पुस्तक लिहीत होते. त्याची प्रत तपासायला दर बुधवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. पुस्तकाचा नायक नबोनिडस, बॅबिलॉनचा अखेरचा राजा. हा राजा राजधानी सोडून दहा वर्षं अरबस्तानातल्या एका ओअ‍ॅसिसमध्ये जाऊन राहिला. मागे कारभार पाहिला तो त्याच्या मुलानं, बेलशस्सरनं. राजा नाही म्हणून नववर्षाचा उत्सव वर्षानुवर्षं झाला नाही, आणि त्या काळच्या इतिवृत्तात दर वर्षापुढे तेवढंच नोंदलेलं आहे... राग नाही, शोक नाही. काकांना ती नोंद करणारा अनाम कारकून राजापेक्षा जास्त आवडायचा. नबोनिडसची दुसरी खोड म्हणजे जुन्या देवळांचे पाये खणणं. त्याच्याही आधीच्या राजाचा लेख सापडला की त्याला तेल लावायचं, नैवेद्य दाखवायचा आणि लेख जिथं होता तिथंच परत ठेवायचा. हे प्रकरण काकांनी तीनदा लिहिलं. बेलशस्सरचं पुढे काय झालं, याबद्दल मात्र त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'ते ठाऊक नाही.' भर मेजवानीत भिंतीवर हात उमटून लिहितो आणि त्याच रात्री बेलशस्सर मारला जातो, ती बायबलातली प्रसिद्ध गोष्ट घातली तर वाचकाला आवडेल, असं मी सुचवलं. "आवडेल की," ते म्हणाले, "पण मी तिथं नव्हतो, आणि ज्यांनी लिहिली तेही नव्हते."

२००३मध्ये युद्ध सुरू झालं आणि बॅबिलॉनच्या अवशेषांवर लष्करी तळ पडला. खंदक खणले गेले, हेलिकॉप्टरसाठी जमीन सपाट करून खडी पसरली गेली, हजारो वर्षांची माती पोत्यांत भरून ती पोती आडोशाला रचली गेली. हे हळूहळू वर्तमानपत्रांत आलं. काकांना ते आधीच कळलं होतं, कारण तळांना वीज-पाणी पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीत त्यांचा एकुलता मुलगा निखिल कामाला होता आणि त्याचं पोस्टिंग तिथंच झालं होतं. निघताना काकांनी त्याला एवढंच सांगितलं, "फोटो काढ. जमिनीला हात लावू नकोस."

तो परतला त्या बुधवारी मी तिथं होते. टी-शर्टात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं टेबलावर, थेट हस्तलिखिताच्या कागदांवर ठेवलं. "बाबा, सरप्राइज!" भाजक्या विटेचा तुकडा होता, दोन तळहातांएवढा, आणि त्यावर ठशाच्या तीन ओळी. काकांनी चष्मा बदलला. चिन्हांवरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही. ओळी नबोनिडसच्या होत्या. ज्याच्यावर पुस्तक लिहीत होते त्या राजाचं नाव त्यांनी पहिल्यांदाच पुस्तकाबाहेर वाचलं.

"कुठून उचललीस?"

"टोटल मेस होता बाबा तिथे. ट्रक्स वरून जात होते. आय सेव्ह्ड इट!"

"वाचवली असतीस तर तिथल्या कुणाच्या हातात दिली असतीस. तू बॅगेत घातलीस."

"इट्स वन ब्रिक, बाबा. एव्हरीबडी टुक समथिंग."

काका उठले, बाथरूममध्ये गेले. बराच वेळ नळ वाहत होता. विटेला त्यांनी हात लावलाच नव्हता, तरी हात धुऊन आले. मग मला म्हणाले, "आजचं राहू दे."

त्या दिवसानंतर पुस्तकात एक ओळ वाढली नाही. नबोनिडसच्या कारकिर्दीच्या सतराव्या वर्षापाशी, शत्रू लढाईशिवाय शहरात शिरतो तिथं, ते थांबलं. वीट त्यांनी घरात राहू दिली नाही. गॅरेजमध्ये, बर्फावर टाकायच्या मिठाच्या पिशव्यांशेजारी, ती खोक्यात ठेवली. ती सरकारच्या हवाली कर, असं ते निखिलला सांगत राहिले. निखिल तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता, सरकारी कामावर, आणि त्याला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारचा सुरक्षा-परवाना, लागायचा. वीट आली कुठून हे बाहेर पडलं तर तो परवाना जाणार, हे त्याचं उत्तर. ते खरंही होतं. काका स्वतः नेऊन देऊ शकत होते, पण पहिल्याच प्रश्नाला मुलाचं नाव सांगावं लागलं असतं. काकूंना ती नवऱ्यानं कुठूनतरी मागवलेली अभ्यासाची वस्तू वाटत होती. तसं चार वर्षं चाललं.

मार्चमध्ये काका गेले. तेराव्या दिवशी घरी जमायचं ठरलं. मी पोचले तेव्हा काकांच्या हार घातलेल्या फोटोसमोर, चांदीच्या ताटात, ती वीट होती. कुणा मावशींनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं, वर शेवंतीचं फूल. ठशाच्या मधल्या ओळीत कुंकू भरलं होतं. येणारे विटेला हात लावून तो डोळ्यांना लावत होते. एक डॉक्टर मुलांना सांगत होते, "टच इट, टच इट, टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड इयर्स!" दोघांनी ती उचलून फोटो काढून घेतले. मग निखिल बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की ही वीट डॅडची मोस्ट ट्रेझर्ड पझेशन होती. टाळ्या वाजल्या. तेराव्याला टाळ्या. नऊ वर्षांत मी बऱ्याच शोकसभांच्या बातम्या केल्या. इतकी किळस कुठल्याच सभेत आली नव्हती.

पाहुणे गेल्यावर काकूंनी हस्तलिखिताचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तुलाच द्यायचं म्हणाले होते." गठ्ठ्यात शेवटी एक इंग्रजी पत्र होतं, टाइप केलेलं, सही केलेलं, फक्त तारीख टाकायची ठेवलेली. सीमाशुल्क खात्याला लिहिलं होतं: 'ही वीट मी स्वतः इराकच्या प्रवासात उचलली. माझ्या कुटुंबातल्या कुणालाही याची माहिती नव्हती. माझ्या मृत्यूनंतर ती तिच्या देशाला परत द्यावी.' काका इराकला कधीही गेले नव्हते. मी पत्र निखिलला दिलं. त्यानं वाचलं, आणि त्याचा चेहरा चक्क उजळला.

"वॉव. धिस इज परफेक्ट. ही सॉल्व्ड इट. उद्या पोस्ट करून टाकू."

"यातलं पहिलं वाक्य खोटं आहे," मी म्हटलं.

"सो व्हॉट? त्याला आता काय होणार आहे?"

काकूंनी हात पुढे केला. चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "हे कधी गेले होते इराकला?" त्यांनी पत्र खाली ठेवलं. "निखिल, मी तुला विचारतेय."

"आई, प्लीज. त्यांनी स्वतः साइन केलंय."

"म्हणजे चोर कोण, तर हे. आणि तू टाळ्या घेतल्यास." त्यांचा आवाज चढला नाही. "सकाळी नऊला गाडी काढ. तूही चल गं आमच्याबरोबर."

सकाळी काकूंनी रंगकामाचा कोरडा ब्रश घेऊन कुंकू झटकलं. मधल्या ओळीतलं सगळं निघालं नाही. कोलंबस शहरातल्या सीमाशुल्क कार्यालयातल्या बाईंनी वीट उलटून पाहिली, लाल डाग कशाचा म्हणून विचारलं आणि मग ती कोणी आणली ते विचारलं. निखिल काउंटरच्या कडेकडे पाहत होता. काकूंनी त्याच्या कोपराला धरून त्याला पुढे केलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "हा माझा मुलगा. यानं उचलली, आणि आता हा सांगेल." त्यानं सांगितलं. फॉर्म भरायला चाळीस मिनिटं लागली.

चौकशी सुरू आहे. निखिलला सध्या कामावरून घरी बसवलं आहे. तो आईशी बोलत नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्याला वाचायला पाठवला. त्यानं काही बदलायला सांगितलं नाही, उत्तरही दिलं नाही. काकूंनी वाचून एवढंच म्हटलं, "दे छापायला."

पुस्तक अपुरंच छापावं, असं आम्ही ठरवलं आहे. त्या कामासाठी मागच्या बुधवारी काकांच्या खोलीत बसले होते. काकांचं ते पत्र काकूंनी फाडलं नाही, हस्तलिखिताच्या फाइलमध्येच ठेवलं आहे. पत्राच्या समासात काकूंच्या अक्षरात, पेन्सिलीनं, मराठीत नोंद आहे: 'यातलं पहिलं वाक्य खोटं आहे. दुसरंही. मुलासाठी लिहिलं. तिसरं खरं आहे. – नलिनी आठल्ये.'