ज्याचा डबा, त्याचा चान्स

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या मावशींवर. कधी, तर वार्षिक परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी, वीज गेलेली असताना. करणारे परके नव्हते. शनिवार पेठेतल्या आमच्याच गल्लीतले पाच सभ्य गृहस्थ होते, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी मावशींना सांगितलं की गिरणीतलं व्हिडिओ गेमचं मशीन रविवारपर्यंत हलवा. ते का सांगितलं, हे मी इथे लिहिणार आहे, कारण त्या पाचांपैकी कोणी लिहील असं मला वाटत नाही. पण त्याआधी ते मशीन काय होतं ते सांगायला हवं. मी त्या मशीनची ऋणी आहे, आणि हे ऋण माझ्या रागापेक्षा मोठं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरोघरी केबल आली होती, बबलगमच्या कागदातून निघणारे टॅटू थुंकी लावून मनगटावर उठवायचे दिवस होते, आणि प्रत्येक घरातला कोणीतरी दादा कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. व्हिडिओ गेमचं पार्लर बुधवार पेठेच्या बाजूला होतं. दाराला काळा पडदा, आत सिगारेटचा वास, कॉलेजची मुलं. तिथे मुलगी जात नसे. जाऊ नको असं मला कोणी कधी सांगितलंही नाही. सांगावं लागत नव्हतं, एवढी ती गोष्ट पक्की होती. माझा भाऊ जायचा आणि घरी येऊन तोंडाने गोळ्यांचे आवाज काढायचा. माझ्या वाट्याला ते आवाज.

मग लोकांनी घरच्या टीव्हीला जोडायचे गेम घेतले आणि पार्लर बसलं. मालकाने मशीनं मिळेल त्या भावाला काढली. मावशींचे यजमान पिंपरीला कारखान्यात पाळीने कामाला होते, त्यांना कोणाकडून तरी हे कळलं. एक मशीन टेम्पोत घालून त्यांनी गिरणीत आणून उभं केलं. कपाटाएवढा लाकडी खोका, मध्ये पडदा, खाली लाल मुठीची दांडी आणि दोन बटणं. विमानाचा गेम होता. खालून वर जायचं, गोळ्या चुकवायच्या, शेवटी एक अजस्र जहाज येतं ते पाडायचं. यजमानांचा हिशेब सरळ होता: लोक दळणाला थांबतातच, थांबता थांबता खेळतील.

लोक म्हणजे कोण, याचा विचार त्यांनी केला नव्हता. दळणाला कोण जातं? गल्लीतल्या मुली जातात. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि गव्हाचा डबा उचलायचा. म्हणजे गल्लीतला पहिला व्हिडिओ गेम असा आला की जिथे आम्ही मुली आधीपासूनच उभ्या होतो. आम्हाला कुठे घुसावं लागलं नाही. मशीनच आमच्याकडे चालत आलं.

मुलांना हे दोन दिवसांत कळलं. तिसऱ्या दिवशी ते झुंडीने आले आणि मशीनला असे चिकटले की आमचे डबे बाजूला सरकले. मावशी मूळच्या वर्ध्याकडच्या. डोक्याला रुमाल, भुवयांवर पीठ. त्यांनी पट्टा थांबवला. गिरणीचा आवाज बंद झाला की गल्लीला बहिरं झाल्यासारखं वाटायचं.

"पोट्टेहो, दळण आणलं का?" त्यांनी विचारलं.

मुलं म्हणाली, नाही, आम्ही गेम खेळायला आलोय.

"ही गिरणी आहे. ज्याचा डबा रांगेत, त्याचा चान्स. डबा नाही तं चान्स नाही. पीठ झालं का घरी जायचं."

एवढाच कायदा. डब्यांची जी रांग, तीच मशीनची रांग. एकाचा खेळ संपला की पुढच्या डब्याचा मालक उभा राहायचा, शेवटच्यानंतर पुन्हा पहिला. तुमचं दळण निघालं की तुमचा खेळ संपला. मी पुढे अनेक संस्थांचे नियम वाचले, काही स्वतः लिहिले. पण याहून स्वच्छ नियम मला अजून भेटलेला नाही.

आता यातली खुबी. गिरणीत आधी गहू दळतात, मग ज्वारी-बाजरी, मग डाळ-तांदूळ, आणि भाजणी अगदी शेवटी, कारण भाजणीचा वास पुढच्याच्या पिठाला लागतो. म्हणजे भाजणीचा डबा सगळ्यात जास्त वेळ रांगेत. म्हणजे भाजणीवाल्याला सगळ्यात जास्त चान्स. हे माझ्या लक्षात आलं आणि मला थालीपीठ फार आवडायला लागलं. मी आईच्या मागे लागले, भाजणी कर, भाजणी कर. आईने केली. मग पुन्हा केली. सकाळी थालीपीठ, डब्यात थालीपीठ. एका रात्री ताटाकडे बघत वडिलांनी अगदी शांतपणे आईला विचारलं की आपल्याकडे गव्हाला सुतक आहे का. आई म्हणाली, तुमच्या लेकीला विचारा. मी खाली मान घालून जेवले.

मुलांनी काय केलं ते तर याहून भारी. ती दळण आणायला लागली. ज्या मुलांनी जन्मात पाण्याचा ग्लास उचलून ठेवला नव्हता, ती शाळेतून येऊन "दळण आहे का" विचारायला लागली. आमच्या समोरच्या काकूंना आधी वाटलं, मुलगा आजारी आहे. मग मुलं चलाख झाली. एकच गहू तीन डब्यांत पाडून आणायला लागली. एकाने तर वाटीभर तांदूळ आणले. मावशींनी वाटी उजेडाकडे धरली.

"हे काय चिमणीले दळून देऊ का रे?"

रांग हसली. तोही हसला, आणि दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा भरलेला डबा घेऊन आला. गल्लीत कुठल्याही महिला मंडळाला, कुठल्याही व्याख्यानाला जे जमलं नव्हतं, ते त्या लाकडी खोक्याने सहा महिन्यांत केलं. पिशवी खांद्याला लावून मुलगे दळणाला जाताना दिसायला लागले, आणि कोणी त्यांना हसेना, कारण सगळेच तिथे चालले होते.

आणि आम्ही मुली चांगल्या खेळायचो. नम्रपणा कशाला? भाजणीच्या जोरावर मी शेवटच्या जहाजापर्यंत पोचले. दांडी हातात आली की तळव्याला पिठाचा खरखरीतपणा लागायचा. मागे मुलं उभी. एका संध्याकाळी मी ते जहाज पाडलं, तेव्हा समोरच्या काकूंचा मुलगा, जो शाळेत माझ्याशी एक शब्द बोलत नसे, तो म्हणाला, "कसं केलंस ते? दाखव ना." मी दाखवलं. डाव्या कोपऱ्यात थांबायचं, मोठी गोळी जाऊ द्यायची, मग सुटायचं. त्याने ऐकलं. मुलगा काहीतरी विचारतोय, मुलगी सांगतेय आणि तो ऐकतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. त्याचं श्रेय मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

आता तो गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी वीज जायची, त्यामुळे गिरणी बंद. त्या दिवशी मावशी गिरणीच्या दगडाला टाकी लावत, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खडबडीत करत, आणि मी जुन्या टूथब्रशने मशीनच्या बटणांतलं पीठ काढत बसे. माझी परीक्षेची सुट्टी होती. पाच जण आत आले. पुढे समोरचे काका, बँकेत अधिकारी. त्यांनी नुकताच मुलाला अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेऊन दिला होता. कोपऱ्यातली मी त्यांना दिसले, पण माझ्यासमोर बोलू नये असं त्यांना वाटलं नाही.

काका फार सभ्य बोलले. अहो बाई, आपण समजूतदार आहात. गल्लीचं वळण बिघडतंय. मुलगे-मुली एका मशीनला खेटून उभे असतात, येणारे-जाणारे बघतात. हा एक प्रकारचा जुगारच. रविवारपर्यंत हलवा, नाहीतर आम्हाला नाइलाजाने दळण दुसऱ्या गिरणीत न्यावं लागेल.

मावशींनी टाकी खाली ठेवली. "पोरीचं काय मग? पोरी कुठं खेळतीन?"

"मुलींचं काय?" काका खरोखरच गोंधळले. "मुलांना आता घरी कॉम्प्युटर येतायत. मुलींनी दळण घ्यावं आणि घरी जावं."

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, बाकीच्या चौघांनाही नाही. गल्लीने दळण दुसरीकडे नेलं तर गिरणी बंद, आणि गिरणी बंद तर मावशींच्या मुलांच्या शाळेच्या फिया बंद. मावशींनी होकाराची मान हलवली. ते गेले. मावशी मला म्हणाल्या, "रायू दे आता. जाऊ दे."

मी घरी गेले आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. सुरुवात होती, "गल्लीतील तमाम मातांनो". आईने पोळ्या लाटता लाटता वाचलं. मला वाटलं, फाडणार. ती म्हणाली, "तमाम मातांनो काय? इथे काय सभा आहे? आणि जुलूम हा शब्द तीनदा आलाय. त्यांना त्यांचं काय जाणार ते सांग." आणि पिठाच्या बोटाने तिने अख्खा पहिला परिच्छेद खोडला. आजवर मला पुष्कळ संपादक मिळाले, पण एवढ्या झटक्यात काम करणारं कोणी नाही.

उरलं ते एवढंच: तुमचा मुलगा दळण आणतो, तो मशीनसाठी. मशीन रविवारी काढणार आहेत. सोमवारपासून दळण कोण आणणार?

संध्याकाळी वीज आल्यावर आप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढल्या. पण त्या वाटायच्या कशा? दारात दिल्या तर पुरुषच घेणार, आणि वाचून रद्दीत टाकणार. पिठाचा डबा मात्र पुरुष उघडत नाही. मी मावशींना विचारलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. धोका त्यांना होता, मला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

"माह्यं नाव नाही न टाकलं?"

नाही, म्हटलं.

शुक्रवारी प्रत्येक डबा भरला की मावशी पिठावर एक घडी ठेवायच्या, झाकण दाबायच्या आणि डबा पुढे सरकवायच्या. चेहऱ्यावर काही नाही. मुलांनी स्वतःच्या हातांनी ती पत्रकं स्वतःच्या घरी पोचवली, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

त्या रात्री गल्लीतल्या स्वयंपाकघरांत काय झालं ते मला माहीत नाही. एका घरात मात्र असं झालं म्हणे, की काकूंनी काकांसमोर रिकामा डबा ठेवला आणि म्हणाल्या, सोमवारपासून हा तुमचा. शनिवारी संध्याकाळी त्याच काकू, बँकेतल्या काकांच्या पत्नी, कित्येक महिन्यांनी स्वतः गिरणीत आल्या. आम्ही सगळे रांगेत होतो. त्यांचा मुलगाही होता. घरी कॉम्प्युटर असून तो इथे यायचा, कारण तिथे मागे उभं राहून बघायला कोणी नव्हतं.

काकू मावशींना म्हणाल्या, "मशीन राहू द्या हो. आणि दळण कुठे टाकायचं ते आमच्या घरात मी ठरवते."

रविवारी मशीन न्यायला आधीच ठरवलेला टेम्पो आला. मावशींच्या यजमानांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि रिकामाच परत पाठवला. ते मशीन पुढे आमची दहावी होईपर्यंत चाललं. मग पडदा गेला, गिरणीची इमारत पाडून तिथे नवी झाली, आणि मावशी धायरीला राहायला गेल्या. त्या पाचांपैकी कोणीही त्यांना "आमचं चुकलं" म्हणालं नाही. मी मावशींकडे अजून जाते. थँक यू म्हटलं की त्या म्हणतात, "काऊन? दळणाचे पैसे दिले होते न तुह्या मायनं."

आज माझ्या वयाचे लोक आयटीत आहेत. मॉलमध्ये जुन्या मशीनांचा कोपरा असतो, तिथे जातात, फोटो टाकतात, खाली लिहितात, "आपलं बालपण". माझ्या ऑफिसातल्या मुलींना मी विचारलं, तुमचं होतं का हे? एकीलाही पार्लर आतून माहीत नव्हतं. दादा जायचा, म्हणाल्या. म्हणजे ज्याला आत घेतलं त्याचं बालपण, बाकीच्यांना नुसते आवाज. मला ते मिळालं, कारण एका बाईने डब्यांची रांग लावली आणि ती मोडू दिली नाही. हे माझं नशीब होतं. एखाद्या मुलीचं खेळणं नशिबावर असू नये.

म्हणून तुम्हाला सांगते. होय, तुम्हालाच. तुमच्या सोसायटीत जिन्याखाली किंवा पार्किंगच्या भिंतीवर "येथे मुलांनी खेळू नये" अशी पाटी आहे. ती कोणत्या सभेत ठरली, तेव्हा कोणाला विचारलं, हे सेक्रेटरींना विचारा. उत्तराची वाट बघू नका. स्क्रू ड्रायव्हर घ्या, खाली जा आणि ती काढा. काढल्यावर आधी मुलींना हाक मारा. मुलगे येतातच.